करंजांसमोरची लाल दोरी

आमच्या घराच्या पश्चिमेला बाबांनी लावलेले आठ करंज आहेत. तेच आमचं कुंपण. घर कुरुद वस्तीच्या कडेला, दोन खोल्या, वर पत्रा. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे, म्हणून बी.एससी.ची तीनही वर्षं मी करंजांखाली खाट टाकून अभ्यास केला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यात त्या सावलीचा वाटा किती, हे मला ठाऊक आहे.

शेजारचा प्लॉट कित्येक वर्षं रिकामा होता. यंदा होळीनंतर पावर हाउसच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्या एका शेठनी तो घेतला आणि तळघरासकट घर बांधायला काढलं. खोदकामासाठी चुन्याची रेघ मारली, ती आमच्या झाडांपासून जेमतेम हातभर अंतरावर. बाबा ती बघून आले. मग म्हणाले, "आठ फूट खोल सरळ कापन, तं झाडाले धरून ठेवायले काय राहीन?"

मी शिकलेली, म्हणून मी अर्ज लिहिला. नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, पोचेचा शिक्का तेवढा मिळाला. साहेब रजेवर होते. खोदाईचं मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं.

बाबांची सारी नोकरी स्टील प्लांटमध्ये गेली, मेंटेनन्सला. तिथे एखाद्या मशीनवर माणूस काम करत असला की स्विचला लाल टॅग बांधतात. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. मोठा साहेब आला तरी हात लावत नाही. त्या सकाळी मी बाहेर आले तेव्हा बाबांनी आईची जुनी लाल साडी फाडून तिच्या पट्ट्या एका दोरीला बांधल्या होत्या. बुंध्यांपासून चार फुटांवर खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. मधोमध पुठ्ठा, त्यावर त्यांचं नाव आणि वेळ.

"बाबा, ही जागा आपली नाही."

"मुळं तं आपली हायेत."

"कायद्यात असं नसतं."

"तू कायद्यानंच गेली होती ना? काय झालं?"

मशीन आलं. ऑपरेटरने बकेट उचलली, दोरी पाहिली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून पुठ्ठा वाचला. तो पूर्वी ठेकेदाराकडून प्लांटमध्ये काम केलेला निघाला. तेवढ्यात शेठ स्कूटरवरून आले.

"रस्सी निकाल ना. देख क्या रहा है?"

"मैं नहीं खोलूँगा सेठ. जिसने बाँधी है, वही खोलेगा."

"ये प्लांट है क्या? ज़मीन मेरी है."

शेठचं म्हणणं खरं होतं, हेच मला सहन होत नव्हतं. त्यांनी दोरीला हात घातला. बाबांनीही घातला. दोघं एकच दोरी धरून उभे, कुणी ओढेना, कुणी सोडेना. दारात आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"भैया, ज़मीन आपकी है," मी म्हणाले. "गलती हमारी है."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं बोलणं मला जड गेलं. तरी विचारलं, या चार फुटांत तुमचं काय येतंय? शेठनी डिकीतून नकाशा काढला. तळघराची भिंत आणखी आत होती. इथली खुदाई फक्त कामगारांना भिंतीच्या शटरिंगच्या फळ्या लावायला मोकळी जागा हवी म्हणून. ऑपरेटर म्हणाला, ते दीड फुटातही भागतं, काम थोडं हळू होईल. पण नकाशात एका कोपऱ्यात तळघराचा जिना थेट चुन्याच्या रेघेपर्यंत येत होता.

"वहाँ नहीं छोड़ सकता," शेठ म्हणाले. दोरी मात्र त्यांनी सोडली.

कोपऱ्यात दोन झाडं होती. सहा वाचत होती. बाबांच्या हातात दोरी तशीच होती. मशीन थांबून होतं आणि कुणी त्यांना घाई केली नाही. शेवटी ते कोपऱ्याकडे गेले. तिथली गाठ घट्ट बसली होती. मी विळी आणू का विचारलं, तर नको म्हणाले. नखांनी सोडवली. मग करवत मागितली.

"कावून?" आईने दारातून विचारलं.

"मशीननं वढलं तं मूळ फाटते. फाटलेलं सडते."

ते कुदळ घेऊन शेठच्या जागेत उतरले, माती बाजूला केली आणि आपल्याच झाडांची मुळं एकेक करून साफ कापली. शेठ स्कूटरवर बसून बघत होते.

"चाचा, मेरे यहाँ मुफ़्त में मज़दूरी कर रहे हो."

"चाय पिला दे."

चहा आला. बाबा त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कोपऱ्यातल्या दोन्ही झाडांच्या फांद्या त्यांनी ओझं कमी करायला उतरवल्या. एकाला पालवी फुटली आहे. दुसऱ्याला नाही. रोज सकाळी ते त्याच्या सालीवर नख ओढतात. आत अजून हिरवं दिसतं. मी विचारलं की म्हणतात, "पाहून राहिलो."