तुमच्यातली तुळस

समोरच्या घरात कुंडी फरशीवर घासल्याचा आवाज आला की सकाळचे सात वाजले समजायचं. वारज्याच्या आमच्या इमारतीत मला घड्याळ लागत नाही. नाजिमाभाभी कुंड्या हलवतात. काल दाराशी होती ती आज कठड्याशी, उद्या पुन्हा दाराशी. मी एकदा म्हटलंही, "अहो भाभी, झाडं आहेत ती. बसू द्या की एका जागी." त्या हसल्या आणि हसता हसता खोकायला लागल्या.

भाभींना लहानपणापासून दमा. कसबा पेठेत होत्या तेव्हा यजमानांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. तिथल्या कागदाच्या धुळीतही तो कसाबसा आटोक्यात राहिला. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, मुलगा शहेजाद आईला इकडे घेऊन आला आणि दम्याने डोकं वर काढलं. डॉक्टर म्हणाले, घरात झाडं कुठली आहेत ते बघा.

झालं! रातराणी गेली, वास उग्र म्हणून. मोगरा गेला. नेचा गेला, कारण त्याची माती सदा ओली आणि ओल्या मातीला बुरशी धरते. शेवंती आणली आणि चौथ्या दिवशी परत केली. उरला स्नेक प्लांट. त्याच्या पानांवर धूळ नको म्हणून त्या तो दिवसातून दोनदा पुसायच्या. नर्सरीवाल्याला इतके प्रश्न विचारायच्या की धाप त्यालाच लागायची. एवढं करूनही छाती वाजायचीच. बाई खुर्चीत दोन मिनिटं टेकायच्या नाहीत. बसल्या की उठून पुन्हा एखादी कुंडी सरकवायच्या.

एका कुंडीला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. कोपऱ्यातली, तुळशीची. पानं जरा मोठी होती, वासही निराळा होता. मला वाटलं, असेल तुमच्यातली तुळस. एकदा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळी झाडं घडाघडा सांगितली, ही सोडून. मीही गप्प बसले. तुळशीला कोण झाड म्हणतं?

ऑक्टोबरात त्यांना जोराचा अ‍ॅटॅक आला. चार दिवस हॉस्पिटल. घरी आल्यावर महिनाभर मातीला हात लावायची बंदी झाली आणि झाडांना पाणी घालायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आता पाणी घालायचं म्हणजे नुसतं पाणी घालून गप्प बसणाऱ्यातली मी नव्हे. मंजिऱ्या वाढल्या की तुळस वाळते, हे आईने लहानपणी डोक्यात बसवलेलं. रोज सकाळी एकूण एक मंजिरी खुडायची आणि घरी येऊन बाळकृष्णाला वाहायची. पिकलेल्या तपकिरीही सोडल्या नाहीत. महिन्याभरात भाभींचा श्वास असा मोकळा झाला की दम्याचा पंप टेबलावर तसाच पडून राहायला लागला. मी मनातल्या मनात श्रेय बाळकृष्णाला देऊन टाकलं.

मग एका सकाळी त्या स्वतः गॅलरीत आल्या.

"द्वारकाताई, याची फुलं कुठं गेली?"

"खुडली. रोज खुडते. देवाला वाहते."

"सगळी?"

"एक ठेवली नाही," मी अभिमानाने म्हटलं.

भाभी कुंडीपाशी वाकल्या. "तुळस नाही हो ती. सब्जा आहे. आमच्याकडं कबरीवर लावतात."

शहेजादच्या अब्बांनी आपल्या वडिलांच्या कबरीवर तो स्वतःच्या हाताने लावला होता. त्याचंच बी भाभींनी कुंडीत जपलं होतं. कब्रस्तानातलं रोप पाऊस सरला की बी धरण्याआधीच पाण्यावाचून वाळतं. मग पावसाळ्यात कुंडीतलं बी नेऊन शहेजाद अब्बांच्या कबरीवर पेरतो. यंदाचं ते सगळं बी मी मंजिऱ्यांबरोबर खुडून नेलं होतं.

"आमच्या घरातल्या बायका कब्रस्तानात जात नाहीत," त्या म्हणाल्या. "मी इथंच जाते."

"आणि डॉक्टरांना बोलला नाहीत?"

"बोलले असते तर काढ म्हणाले असते." त्यांनी टेबलावरच्या पंपाकडे पाहिलं. फुलं गेली आणि श्वास आला, हे त्यांनाही कळलं होतं. "म्हणजे जगायचं तर त्यांना सोडायचं? असा कुठं न्याय असतो?" असं म्हणून त्यांनी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी वाण्याकडून सब्जाची पुडी आणून दिली. त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली. "हा फालुद्याचा, ताई." माझ्या शहाणपणाची किंमत मला कळली. थंडीत कुंडीतलं रोपही वाळलं. कुंड्या हलल्याचा आवाज थांबला आणि त्याने माझा जीव जास्तच खालीवर व्हायला लागला. काही सुचेना म्हणून मीच माझ्या गॅलरीतल्या कुंड्या हलवत सुटले.

निर्माल्य मी नदीत टाकत नाही. एका मोठ्या कुंडीत मातीआड करते. चैत्रात ती कुंडी सरकवताना पाहिलं, तर कडेला हिरव्या रोपांचा झुबका. पानं मोठी, वास निराळा. मी चपला न घालताच समोर धावले.

भाभींनी एक पान चुरडलं, लांबूनच हुंगलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

"कबरीवरची फुलं मी देवाला वाहिली," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

"तुमच्या देवानं ठेवून कुठं घेतली? परत पाठवली की," त्या डोळे पुसत म्हणाल्या. मी रोप देऊ केलं तर नको म्हणाल्या. "तुमच्याकडंच फुलू दे. माझ्याकडं फुलला तर मी राहणार नाही."

आता माझ्याकडचा सब्जा फुलला आहे. शुक्रवारी शहेजाद नमाजला निघाला तेव्हा मी कबरीवर पेरायला पिकलेल्या मंजिऱ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. तो जिना उतरला आणि भाभी माझ्या घरात आल्या. नाकाला ओढणी, मुठीत पंप. गॅलरीच्या आत पाऊल टाकलं नाही, उंबऱ्यावरच थांबल्या. कपाळाकडे हात नेऊन सलाम केला आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत राहिल्या. पाचेक मिनिटं ती बाई एका जागी उभी होती. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग वळून म्हणाल्या, "चला, भेट झाली."