सव्वीस डिग्रीचं पाणी

नोकरी संपली आणि आमच्या ह्यांनी मासा पाळला. साधासुधा नव्हे, 'गार' नावाच्या परदेशी जातीचा. हातभर लांब, मगरीसारखं तोंड. कोल्हापुरातलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सहा फुटी काचेची टाकी आली, नेमकी मी माझ्या आईला इथं आणायचं म्हणत होते तेव्हाच.

आई गगनबावड्याला एकटी. तिथली ओल आधी भिंतीत शिरते, मग माणसाच्या छातीत. पुढच्या खोलीत तिची खाट टाकू, असं मी म्हटलं, तर हे म्हणाले, "जागा कुठं हाय?" विषय संपला.

माशाचं मात्र काय कौतुक! दिवसातून तीनदा थर्मामीटर बघायचं. "बावीस ते अठ्ठावीस चालतं, पण सव्वीस एकदम बेस." डिसेंबरात पाणी एकवीसवर उतरलं, तर लगेच नवा हीटर आला, टाकीच्या मागं थर्माकोल लागलं. "थंडीनं खात न्हाय बिचारा," म्हणे. माझी आई तिकडं दोन गोधड्यांत कुडकुडत होती, तिला बिचारी म्हणायला ह्यांची जीभ कधी वळली नाही. तो मासा मरावा असं मला वाटायचं. रोज वाटायचं.

जानेवारीत दवाखान्याच्या निमित्तानं आईला आठ दिवसांसाठी आणलं. टाकीशेजारी फरशीवर तिचं अंथरूण घातलं. ती खोकली की हे आतून म्हणायचे, "मासा बिचकतोय, जरा दमानं." आई तोंडात पदर कोंबून खोकायला लागली.

मग हे दोन दिवस जयसिंगपूरला लग्नाला गेले. जाताना मला बजावलं, सव्वीसच्या खाली-वर होऊ द्यायचं नाही. ह्यांची गाडी गल्लीच्या बाहेर पडली आणि मी हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. चौतीस. वर माशाला खायला आणलेली सगळी कोळंबी एकदम पाण्यात ओतली. त्या उबेत ती नासली, पाणी गढूळ झालं. मासा सारखा वर येऊन हवा गिळत होता. मला काडीची दया आली नाही. आई अंथरुणावरून सगळं बघत होती.

हे परत आले तेव्हा मासा पोट वर करून तरंगत होता. ह्यांनी थर्मामीटर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी काही म्हणायच्या आत आई जावयाला म्हणाली, "व्हय पावणं, पुसताना माझाच हात लागला आसंल."

"हात न्हाय लागला, मुद्दाम केलंसा. उद्याच्या गाडीनं जावा. परत हितं यायचं न्हाय."

मी गप्प बसले. भीती वाटली म्हणून, असं मी बहिणीला सांगते. खरं म्हणजे आईनं अंगावर घेतलं, आपण सुटलो, एवढंच तेव्हा मनात आलं. सकाळी तिला स्टँडवर सोडलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला.

टाकी विकून टाकली. पुढच्या खोलीत आता दोन खाटा मावतील. ह्यांचा राग तर महिन्याभरातच निवला. आता पुन्हा हिवाळा आला, तर परवा स्वतःच म्हणाले, "म्हातारीला आण की, थंडी वाढली." आईचा फोन येतो. खोकला थांबला की ती विचारते, "पावणं आजून रागातच हायत व्हय गं?"

मी व्हय म्हणते. ती आली तर मला रोज तिच्या तोंडाकडं बघावं लागेल.