गोल बुडाची बाटली

मी दुसरीपर्यंत शिकलो. इंग्रजी अक्षर एक येत नव्हतं. पण बाटली हातात घेतली की ती किती जुनी, किती दुर्मीळ, हे मी सांगायचो, आणि माझं खोटं पाडणारा सोलापुरात कुणी भेटला नाही. एकदा चुकलो ते माझं मलाच कळलं. ते कुणाजवळ बोललो नाही, म्हणून लिहितो.

गोरे साहेब अजून छावणीत होते तेव्हाची गोष्ट. स्टेशनाजवळच्या सोड्याच्या कारखान्यात मी बाटल्या भरायचो. गोळीच्या बाटल्या गल्लोगल्ली पडलेल्या, त्यांना कोण विचारतो? मला नाद त्यांच्या आधीच्या, बुचाच्या बाटल्यांचा. साच्याची शिवण तोंडाखालीच थांबली तर तोंड हातानं घडवलेलं, बाटली जुनी. शिवण ओठावरून पार गेली की यंत्राची. ती मी घरात आणली नाही. सगळ्यात दुर्मीळ म्हणजे गोल बुडाची. ती उभी राहतच नाही. बूच सुकू नये म्हणून आडवीच ठेवायची, त्यामुळं तिच्या पोटावर एकाच बाजूनं झिजेचा पट्टा पडतो. ही झिजेची पारख माझी स्वतःची, कुणी शिकवलेली नव्हे. माझ्याकडं सत्तावीस बाटल्या होत्या. गोल बुडाची एकही नव्हती.

साखर पेठेतला एक म्हातारा विणकर एके दुपारी तीच घेऊन आला. कारखान्यापुढच्या बाकावर नेहमीची माणसं बसली होती.

"सोडावाले, ही बघा की. सासऱ्याला साहेबानं दिलेली."

शिवण बरोबर होती. काचेत बुडबुडे होते. पण पोटाला झीज चहूबाजूंनी, कडं घातल्यासारखी. आडवी पडलेली बाटली सगळ्या अंगानं कशी झिजेल? मी पुढं काही बघितलं नाही.

"मामा, ही दगडावर घासून जुनी केलीय."

"कोण घासंल? चाळीस वर्सं घरातच हाय."

"मग घरातल्यांनाच विचारा की."

बाक हसला. एकजण म्हणाला, "मामा, मागापेक्षा ह्यो धंदा बरा हाय!"

म्हाताऱ्यानं बाटली उपरण्यात गुंडाळली आणि गेला.

महिन्याभरानं त्याच पेठेत लग्नाचा सोडा पोचवायला गेलो. परतताना एका अंगणात एक बाई शहाबादी फरशीवर खळ दिलेला ओला पटका पसरून सुरकुत्या मोडायला त्याच्यावर बाटली लाटत होती. पोळी लाटावी तशी, दाबून. कापडाची कड संपली की काच फरशीवर खर्र करून जायची. बाटली गोल बुडाची. मी दारातच थांबलो. चाळीस वर्षं असं लाटल्यावर कडं पडणारच.

आतून तोच म्हातारा बाहेर आला. त्यानं मला ओळखलं, पाणी दिलं, बसा म्हणाला.

"मामा, ही बाटली देता का? किंमत तुमी सांगा."

"नकली बाटलीला किंमत कसली?"

"मला नकलीबी चालती."

तो हसला. बायकोच्या हातातनं बाटली घेऊन त्यानं माझ्यापुढं धरली. "फुकट न्या. पन त्या बाकावर बसून चार मानसांत एवढं बोला, म्हातारा खोटा न्हाय, चूक माजी झाली. जमंल?"

मी म्हणालो, "आपण बाटलीचं बोलू."

"बाटलीचं न्हाय. मी माजं बोलतोय."

मी बाटलीकडं बघत राहिलो. हात पुढं केला नाही.

"तुमचं काय ते ठरवा, हितं खळ वाळाय लागलीय," बाई म्हणाली आणि नवऱ्याच्या हातातनं बाटली ओढून पुन्हा लाटायला बसली. पटका पुरा होईपर्यंत मी उभा होतो. मग रिकामा खोका डोक्यावर घेतला आणि निघालो.

बाकावर मी काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. बाटल्या दाखवायला लोक पूर्वीसारखेच येत राहिले. तो म्हातारा आठवड्याला सूत आणायला जायचा तो कारखान्याच्याच दारावरून. त्यानंतर तो मागच्या गल्लीनं जायला लागला. ती वाट लांबची होती.