मामावर गेलेली पोरगी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या लातूरच्या मोंढ्याला ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवीपुढं तर चांगली संधी होती, तिथंही गिळली. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सौद्याची बोली पुकारतो. सोयाबीनच्या ढिगापाशी उभं राहून मी तोंड उघडलं की रेणापूरच्या रानातली पाखरं उडतात. माझ्या आवाजानं एकदा कोरड्या विहिरीला पाणी लागलं होतं — बरं, लागलं नव्हतं, पण लागण्यासारखं झालं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं खरं आहे हे तुम्हाला कळेल. खोटं बोलताना मला धाप लागत नाही. खरं बोलताना लागते — आत्ता लागलीय.

माझी मुलगी मुक्ता सातवीत आहे. तिला रोज तेच ताट लागतं, तीच जागा, आणि वरणानं भाताला शिवायचं नाही. ताट बदललं की घरात भूकंप. आमच्याकडं हा शब्द कुणी उगाच वापरत नाही, तेव्हा समजून घ्या. बरं, सगळं मनासारखं वाढलं म्हणून ती जेवते का? दोन घास खाते, दारात खारूताई दिसते, ही तिच्यामागं गच्चीवर. तिथून शेजाऱ्यांच्या टाकीत काय आहे ते बघायला. ताट तसंच. आणि ते हलवायचं नाही.

नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं तिला नेलं. त्यांनी दोन-तीन खेपा बोलावलं, तिच्याशी खेळल्या, आमच्याशी बोलल्या आणि म्हणाल्या, हिला ऑटिझम आहे आणि एडीएचडीसुद्धा.

माझी बायको सुनंदा गोंधळली. "मॅडम, दोन्ही कसं असंल? एक म्हणतं काही हलवू नका, एक म्हणतं जागेवर बसू नका."

"तेच तर," त्या हसल्या. "दोघं एकाच घरात राहतात आणि त्यांचं पटत नाही. बऱ्याच जणांत हे जोडीनंच असतं. एक दुसऱ्याला झाकून ठेवतं, म्हणून लवकर कुणाला कळत नाही."

बाई माझ्या घराचा पत्ता सांगत होत्या.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी बनियन उलटं घालतो, शिवण टोचते म्हणून. कुकरची शिट्टी होणार असं दिसलं की मी संडासात जाऊन बसतो. चहा ठरलेल्या टपरीवर, ठरलेल्या खांबाला टेकून. खांबाला दुसरं कुणी टेकलेलं असलं तर चहाच बंद. आणि हाच मी — एका लग्नाला निघालो, वाटेत एकजण थ्रेशर खोलून बसला होता, बघायला म्हणून थांबलो. वऱ्हाड जेवून परत आलं तरी मी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. लग्न सख्ख्या भावाचं होतं.

सुनंदाला हे दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं. पण बाप्यात असलं की तो स्वभाव, पोरीत असलं की डॉक्टर.

"घरात आणखी कुणी आहे का असं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्यासारखं कुणीतरी आहे हे कळलं, तर मुलीलाच बरं वाटेल." आणि त्या माझ्याकडं बघत राहिल्या. माझ्याकडंच का?

मी म्हणालो, "आमच्याकडं? न्हाई. ती मामावर गेली."

आमच्या भागात लेकरू हुशार निघालं तर बापावर गेलं, आणि जरा वेगळं निघालं की आजोळावर. मी तीच वाट धरली. मामा म्हणजे सुनंदाचा भाऊ अंगद, शिरूर अनंतपाळला शेती करतो. कमी बोलतो — मी समोर असताना कोण जास्त बोलणार? पण मी सुटलो होतो. अंगदनं दिवसभर नांगरलं आणि संध्याकाळी कळलं, रान दुसऱ्याचं. अंगद म्हशीशी बोलतो, माणसाशी नाही. निम्मे किस्से माझेच होते, फक्त नाव त्याचं घातलं. आणि भीती कशाची, म्हणाल, तर एवढीच, की मोंढ्यात मला अवलिया म्हणतात, उद्या पेशंट म्हणतील.

गोष्ट शिरूरला पोचली. सासूबाईंनी माहूरचा नवस बोलला. त्यांचे गुडघे कधीचेच गेलेत. मी हौसेनं गाडी काढली, वाटभर किस्से सांगितले. त्या एकेका पायरीवर बसत, उठत वर चढल्या. गाभाऱ्यापुढं हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "आई, आमच्या घराण्याचं काय चुकलं असंल तर माझ्या पदरात घाल. लेकराला त्रास देऊ नको."

चुकलेलं कुणाचंच नव्हतं, हे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मी नारळ घेऊन शेजारीच उभा. मोंढा हलवणारा माझा आवाज — त्यातून काय निघालं?

"सावकाश. खाली पायरी हाय."

"हाव जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं दर्शन झालं."

परवा रविवारी सुनंदा शेजारी गेली होती. मी जेवत होतो. मुक्ता माझ्या ताटाकडं बराच वेळ बघत होती. वरण एकीकडं, भात एकीकडं.

"पप्पा, तुमाला बी माझ्यासारखंच हाय का?"

सांगायला काय हरकत होती? ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. मोंढ्यातले लोक माझं निम्मं बोलणं वजा करून घेतात. मुक्ता काहीच वजा करत नाही.

"न्हाई बेटा," मी म्हणालो. "मला काही न्हाई."

"बरं." तिनं माझा फोन उचलला, अंगदला लावला आणि स्पीकरवर ठेवला. "मामा, पप्पाला न्हाई म्हणं. आपण दोघंच हाव."

अंगदनं मला आजवर कधी विचारलेलं नाही, की दाजी, असं का सांगितलं. त्याला सगळं ठाऊक आहे. त्या लग्नातून मला शोधायला तोच निघाला होता.

"हाव बेटा," तो म्हणाला. "आपण दोघंच. दाजी हाईत का तिथं?"

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली — नाही म्हणून सांग.

"हाईत," ती म्हणाली. "पण न्हाई म्हणून मान हलवायलेत."

अंगद हसला. "असू दे. जेवू दे त्यांना."

मी जेवलो.