टाकीतले मासे आणि नरोलीचा ओढा

परवा नातीने घरात काचेची फिश टँक आणून ठेवली... आणि मला एकदम नरोलीचे नाना आठवले.

नव्वदीची सुरुवात असेल. मी सिल्वासात मराठी शिकवायचो आणि नरोलीत खोली घेऊन राहायचो. शेजारच्या खोलीत नाना, धुळ्याकडचे, कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला.

आमच्या मागून ओढा वाहायचा. कारखान्यात ज्या रंगाची ऑर्डर, त्या रंगाचं पाणी... कधी जांभळं, कधी विटकरी. पाचवीला ओढ्याची कविता शिकवताना मी ‘निर्मळ’चा अर्थ सांगत होतो. एका पोरीने सहज विचारलं, “गुरुजी, म्हणजे कोणता रंग?” 

पाणी शुद्ध करूनच सोडायचं, असा नियम होता. प्लांटही होता. पण कारखान्याचे शेठ तो तपासणीच्या दिवसापुरता चालवायचे, एरवी विजेचं बिल कोण भरणार...

मग तपासणीला एक सरकारी साहेब आले, जरा वेगळेच. म्हणाले, शुद्ध केलेलं पाणी आधी एका टाकीतून जाऊ दे, तिच्यात जिवंत मासे ठेवा. मी केव्हाही येऊन बघीन.

काम नानांच्या गळ्यात पडलं. त्यांनी दमणगंगेतून मासे आणले. दुसऱ्या दिवशी प्लांट बंद, मासे उलटे. शेठ गुजरातीत म्हणाले, “नाना, बीजा लई आव,” म्हणजे दुसरे आण. नाना म्हणाले, “आनतो शेठ. पन मासा काय सायेबाची वाट पाहत बसतो का? त्याले रोज चांगलं पानी लागतं.”

साहेब कधी टपकतील याचा नेम नाही... म्हणून प्लांट रोज चालू लागला. हळूहळू ओढा निवळला. तळाचे गोटे दिसू लागले. बाया पुन्हा धुणी घेऊन काठावर येऊ लागल्या. सुट्टीच्या दिवशी मी पुस्तक घेऊन तिथे जाऊन बसायचो. खरं सांगायचं तर वाचत नव्हतो, नुसता ऐकत बसायचो.

नाना मला टाकी दाखवायला न्यायचे. “हा मोठा आमचा मॅनेजर. काम काही नाही, नुसता फिरतो.”

मग त्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब नियमाला पक्के. “मासे कुठल्या नियमात आहेत? बाटलीत नमुना द्या.” चूकही नव्हतं त्यांचं... नियमात बाटलीच होती. आणि बाटली तपासणीच्या दिवशीच भरली जायची. दुसऱ्याच दिवशी शेठने टाकी रिकामी करायला सांगितली.

संध्याकाळी नाना बादली घेऊन माझ्या दारात. “गुरुजी, स्कूटर काढा. नदीवर जाऊ.”

मी म्हटलं, “एवढ्या लांब कशाला? मागे ओढा आहे की.”

नाना म्हणाले, “उद्या प्लांट बंद आहे, गुरुजी.”

मागच्या सीटवर मांडीत बादली धरून ते बसले. नदीवर पोचल्यावर त्यांनी एकेक मासा पाण्यात सोडला.

हल्ली नियम खूप कडक झालेत म्हणे. होवोत... फार बरं होईल. एका साहेबाच्या हट्टापायी आणि नानांच्या मायेपायी तो ओढा काही दिवस पाण्याच्या रंगाचा झाला होता. ते दिवस मला काठावर बसून बघायला मिळाले... एवढ्यासाठी त्या दोघांचा मी कायमचा ऋणी आहे.