गिरणीतला ॲडमिन

“मोठ्यानं वाचा, पट्ट्याचा आवाज लई हाय!” पिठानं पांढऱ्या झालेल्या हातानं मोबाइल पुढं करत तात्या म्हणायचे.

ईट गावात आमच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनही तेच. ॲडमिन तुम्हीही पाहिले असतील. कुणी सकाळी फुलं पाठवतो, कुणी रागाच्या भरात माणसं काढून टाकतो. तात्यांची तऱ्हा निराळी. एखाद्या मेसेजबद्दल तक्रार आली की लिहिणाऱ्याला गिरणीत बोलवायचं आणि दळणाला आलेल्या बायकांसमोर त्याचाच मेसेज वाचायला लावायचा. वाचता आला, तर राहायचा. जीभ अडली, तर उडायचा.

एकदा नळाला पाणी नाही म्हणून एकानं सरपंचाचा उद्धार केला. सरपंच तावातावानं गिरणीत आले. त्या पठ्ठ्यानं त्यांच्या तोंडावर सगळं वाचलं, वर पदरच्या दोन शिव्या घातल्या. “ऱ्हाऊ द्या हे,” तात्या म्हणाले. सरपंच तणतणत गेले. दुसऱ्या दिवशी पाणी आलं.

मग एक फोटो आला. गावची एक पोरगी तालुक्याला, भूमच्या स्टँडवर वर्गातल्या मुलाशी बोलत उभी होती, एवढंच. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पोरीच्या बापानं त्याच दिवशी तिचं कॉलेज बंद केलं. तात्यांनी या वेळी कुणाला बोलावलं नाही, वाचायला लावलं नाही. फोटो बघितला आणि उडवला.

ग्रुप पेटला. “सरपंचाला शिव्या चालत्यात, अन् साधा फोटो चालत न्हाय व्हय?”

“सरपंचानं मतं मागितली व्हती,” तात्यांनी उत्तर दिलं. “पोरीनं तुमाला काय मागितलं?”

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. मी शाळेतला मास्तर, ग्रुपवर कधी अक्षर लिहीत नाही, म्हणून निर्धास्त गेलो. तात्यांनी गिरणीच बंद केली.

“गुरुजी, तुमी लिवलं कायच न्हाय. पर त्या फोटोखाली हसलाव. आता हसून दावा.”

कोपऱ्यात ज्वारीच्या डब्याशी पोरीची आई बसली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. संध्याकाळी तात्यांबरोबर मी त्या घरी गेलो. आपण काय केलं ते बापाला सांगितलं, फोटोत हसण्यासारखं काहीच नव्हतं हेही सांगितलं. दोन दिवसांनी पोरगी पुन्हा एसटीत चढली.

तात्या गेल्या वर्षी वारले. ग्रुपवर दिवसभर नुसते जोडलेले हात. त्यात त्या पोरीनं लिहिलं. आता ती सोलापुरात नर्स आहे. “तात्यांनी आमची ज्वारी कायम जाडच दळली. भाकरी थापताना तुटायची.”

“गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? काढा ते,” कुणीतरी खवळलं.

खाली तिच्या आईनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला. ती म्हणाली, “खरं हाय तिचं. रोज भांडायची मी. पर दुसऱ्या गिरणीकडं पाय वळला न्हाय.”