रिंगरोडची सुनावणी

बीड जिल्ह्यातल्या आमच्या वाढत्या गावाच्या रिंगरोडवरील हरकतींची सुनावणी सोमवारी दुपारी संपली. हरकतदारांची नावं पुकारणारे बाबू माझ्या चांगल्या ओळखीचे. आवाज मऊ, कपाळाला अष्टगंध, कुणाशी कधी भांडण नाही.

सकाळी मेंढ्या राखणारी एक बाई आली. तिची वस्ती आणि पाणवठा यांच्या मधून रस्ता जाणार होता.

"मेंढरास्नी खालून वाट ठिवा, एवढंच म्हणणं हाय."

"लई वेळ हाय, मावशी. टपरीवर चहा घ्या, मी हाक मारतो."

ती गेली. बाबूंनी दार लोटलं आणि तिचं नाव एकदाच, हळू पुकारलं.

"बाई टपरीवर आहेत," मी म्हणालो.

"तुमी बातमी लिवा, साहेब," ते हसले.

हरकतदार गैरहजर, अशी नोंद झाली. नकाशा मंजूर झाला. त्यात रस्त्याखालून वाट नाही.